गुरुवारी येते

घाटकोपरला आमचं केंद्र एका व्यायामशाळेत भरायचं. सकाळी पोरं दंड-बैठका काढून गेली की दहा ते चार ती जागा आमची. मधोमध मल्लखांब, कोपऱ्यात मुद्गलांच्या जोड्या, आणि सगळीकडे तेलाचा आणि तांबड्या मातीचा वास. मल्लखांबाभोवती सतरंज्या टाकून आमची माणसं बसायची आणि औषधांच्या दुकानांसाठी कागदी पाकिटं चिकटवायची. आमची माणसं म्हणजे मनाच्या मोठ्या आजारातून उठलेली, इस्पितळातून घरी परतलेली, पण घरात दिवस कसा काढायचा हे न कळणारी माणसं.

त्याआधी मी एका मोठ्या इस्पितळाच्या मानसोपचार विभागात समाजसेविका होते. बरा होऊन गेलेला माणूस सहा-आठ महिन्यांत परत यायचा, आधीपेक्षा वाईट अवस्थेत. गोळ्या बंद झालेल्या असायच्या, घरचे थकलेले असायचे. तिथले एक डॉक्टर मला एकदा म्हणाले, "आपण माणसाला फाटकापर्यंत सोडतो. पुढे त्याचं काय होतं ते आपल्याला ठाऊकच नसतं." या एका वाक्यावर मी नोकरी सोडली. डॉक्टर दर शनिवारी केंद्रात यायला तयार झाले. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते.

केंद्र मी काढलं असं लोक म्हणतात. ते चालवलं मात्र मावशींनी.

मावशी मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, संपानंतर घरी बसला, मग भाजी विकायला लागला. धाकट्या दिराला आजार होता म्हणून त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. दीर पुढे गावी गेला, मावशी राहिल्या. शिक्षण चौथीपर्यंत. रोज सकाळी नऊ वाजता त्या टेकडीवरच्या वस्तीत चढायच्या आणि दारोदार हाका मारत माणसं गोळा करून खाली आणायच्या. कुणी आलं नाही तर दुपारी परत वर. घरात बसायच्या, चहा प्यायच्या, बोलता बोलता फळीवरची गोळ्यांची पुडी उघडून आत किती उरल्यात ते बघून घ्यायच्या. सुनेचं सासूशी वाजलंय का, मुलाची परीक्षा आहे का, पाण्याची वेळ बदलली का, सगळं त्यांना माहीत असायचं. मी त्यांना भेटीचे फॉर्म भरायला सांगायची. त्या म्हणायच्या, "ताई, मी सांगते, तुम्ही लिहा. माझा हात त्या कामाचा नाही." त्या सांगायच्या त्यातलं निम्मं फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसायचं नाही, म्हणून मी ते लिहायचीच नाही.

त्या रोज ज्यांना आणायच्या त्यांत एक बाई होत्या. पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवायच्या. तीस-बत्तिसाव्या वर्षी त्यांना आवाज ऐकू यायला लागले, मग नोकरी गेली. लग्न झालेलं नव्हतं. भाऊ आणि वहिनी टेकडीवर अगदी वरच्या अंगाला राहायचे, त्यांच्याकडे त्या असायच्या. केंद्रात सगळे त्यांना टीचर म्हणायचे. सकाळी आल्या की त्या कालचा पेपर मोठ्याने वाचून दाखवायच्या. बातमी संपली की चष्म्यावरून बघायच्या, "कळलं का सगळ्यांना?" आणि सगळे वर्गातल्यासारखे "हो" म्हणायचे. त्या तासाभरात त्यांचा आवाज इतका स्वच्छ असायचा की नवीन आलेल्या माणसाला त्या केंद्रात शिकवायला ठेवलेल्या बाई वाटायच्या.

दोन वर्षं हे असं बरं चाललं. मग आमच्याबद्दल पेपरात छापून आलं, माझ्या फोटोसकट. ते वाचून एका धर्मादाय संस्थेचे विश्वस्त केंद्र बघायला आले. वयस्क, सज्जन गृहस्थ होते. टीचरांचं वाचन ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना म्हणाले, "हे एकाच ठिकाणी का ठेवता? कांदिवलीला आमची जागा रिकामी आहे. तिथे सुरू करा. मग मुलुंड. गरज सगळीकडेच आहे."

गरज सगळीकडे होती, हे खोटं नव्हतं. पण त्या क्षणी मला गरज दिसली नाही, मी दिसले. तीन ठिकाणी केंद्रं असलेली, तिशीही न उलटलेली बाई. हे तेव्हा मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे आठवड्यात एकच शनिवार आहे. तो तीन ठिकाणी कसा वाटू?"

"महिन्यातून एकेकदा आलात तरी चालेल," मी म्हणाले.

"मला चालेल. त्यांना चालेल का?"

मी हसून विषय बदलला.

कांदिवलीला पहिल्यापासून माणसं उभी करायची तर मावशींशिवाय कोण? मी त्यांना विचारलं, म्हणजे सांगितलंच. त्या पाकिटांची खळ ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "हितली माणसं?"

"इथे माझी मैत्रीण येणार आहे. शिकलेली आहे."

"शिकलेली असूंदे. पण वर चढात का ती?"

मैत्रीण माझ्या वर्गातली. बोरिवलीला राहायची, एका शाळेत समुपदेशकाची पक्की नोकरी होती तिला. ती मी सोडायला लावली. "ये गं, आपण मिळून काहीतरी मोठं करू," असं म्हणून. ती आली. मावशी दोन बस बदलून, आरे कॉलनीतल्या रस्त्याने, रोज कांदिवलीला जायला लागल्या.

मैत्रिणीवर चाळीस माणसं पडली. हजेरी, गोळ्या, पाकिटं, दुकानदारांकडे माल पोचवणं, सगळं एकटीवर. पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "मला वर जायलाच मिळत नाही गं. मी वर गेले तर खाली कोण?"

"थोडे दिवस ओढ ना यार. माणूस बघतेय मी."

मी बघत नव्हते. मी कांदिवलीच्या उद्घाटनाची पत्रिका छापून घेत होते.

टीचर यायच्या बंद झाल्या. मैत्रीण हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढे रोज गैरहजर लिहीत होती. तिने मला दोनदा विचारलंही, "टीचर दिसत नाहीत, काय करू?" मी म्हणाले, "येतील. मध्ये मध्ये असं होतं त्यांचं." पहिल्या वर्षी खरंच तसं झालं होतं. पण तेव्हा तिसऱ्या दिवशी मावशी वर जाऊन त्यांना घेऊन आल्या होत्या.

मग तो मंगळवार. मुलुंडच्या जागेबद्दल बोलायला विश्वस्त आणखी दोघांना घेऊन अकरा वाजता येणार होते. दारात रांगोळी काढली होती, सगळ्यांना धुतलेले कपडे घालून यायला सांगितलं होतं. मैत्रीण हार आणि वेफर्स आणायला बाजारात गेली होती. साडेदहाला टीचरांचे भाऊ आले. ते विक्रोळीच्या एका कारखान्यात वॉचमन होते. पाळी संपवून तसेच आले होते, खाकी कपड्यांत, डोळे तारवटलेले.

"ताई, आक्का गोळ्या घेत नाही," ते म्हणाले. "थुंकून टाकते. दोनदा घरातून निघून गेली. एकदा पार हायवेवर सापडली. आधी मावशी येत होत्या तेव्हा त्यांचं ऐकायची. तुम्ही एकदा वर येऊन बघाल का?"

मी घड्याळ बघितलं. मला आजही आठवतं, मी त्यांना बसा म्हटलं नाही.

"गुरुवारी येते," मी म्हणाले. "नक्की. तोवर गोळी दुधातून देऊन बघा."

"गुरुवारी मी सुट्टी घेऊन थांबतो," ते म्हणाले आणि निघाले. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून त्यांनी दारातून लांब ढांग टाकली.

गुरुवारी मी मुलुंडला जागा बघायला गेले. सकाळी चप्पल घालताना टेकडीची आठवण झाली होती. वाटलं, शुक्रवारी जाऊ. शुक्रवारी कांदिवलीचे पडदे शिवायला टाकायचे होते. मी विसरले, असं पुढे मनाशी म्हणत राहिले, पण ते खरं नाही. मला आठवत होतं. प्रत्येक वेळी त्याच्यापुढे दुसरं काहीतरी काढून ठेवत होते, एवढंच. काही आठवड्यांनी मात्र खरोखरच आठवेनासं झालं.

तीन महिने गेले. एका रविवारी मावशी आपणहून टेकडीवर गेल्या. सोमवारी सकाळी त्या कांदिवलीला न जाता माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, चला माझ्याबरोबर." त्यांच्यामागून मी टेकडी चढून टीचरांच्या घरी गेले.

घराला पुढे एक खोली, मागे पत्र्याचा आडोसा. आडोशाला बाहेरून कडी. वहिनीने ती काढली. आत गोणपाटावर टीचर बसल्या होत्या. डोक्यावर केस नव्हते, उवा झाल्या म्हणून कापून टाकले होते. जुन्या लुगड्याच्या पट्टीने एक पाय खांबाला बांधलेला. घोट्याला पट्टी कापू नये म्हणून वहिनीने मध्ये फडकं गुंडाळलं होतं. टीचर आमच्याकडे बघतही नव्हत्या. ओठ हलत होते, पण शब्द लागत नव्हता.

मी वहिनीवर ओरडले नाही. ओरडायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तीच बोलली.

"मी प्लास्टिकच्या कारखान्यात जाते, हे ड्यूटीवर. हिला मोकळं सोडलं तर हायवेवर जाते. काय करू, तुम्ही सांगा." मग थोडं थांबून, राग नव्हता त्यात, नुसतं विचारल्यासारखं, "तुम्ही येणार होतात ना? ह्यांनी त्या दिवशी सुट्टी घेतली होती. मी शेजारणीकडून कप आणून ठेवले होते."

मावशी खाली बसून पायाची गाठ सोडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. मला वाटलं, त्यांनी ऐकलं नसेल. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी डॉक्टर स्वतः टेकडी चढून आले. पॉलिश केलेले बूट गटाराच्या पाण्यात भरले. त्यांनी इंजेक्शन दिलं, आणि पुढे कितीतरी आठवडे त्यासाठी येत राहिले. मावशींना आम्ही परत घाटकोपरला आणलं.

मग बैठक झाली. विश्वस्त, डॉक्टर, मैत्रीण, मावशी आणि मी. विश्वस्त खरोखर हादरले होते. त्यांनी विचारलं, "घरच्यांनी कुणाला कळवलं नव्हतं का?"

मैत्रीण म्हणाली, "माझ्याकडे कुणी आलं नव्हतं."

"घाटकोपरची जबाबदारी कुणाकडे होती?"

"माझ्याकडे," ती म्हणाली.

बोलायला माझ्याजवळ भरपूर वेळ होता. मी समोरच्या कागदाचा कोपरा दुमडला, उलगडला. मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी पेला उचलून पाणी प्यायले. विश्वस्त म्हणाले, पुढे असं होऊ नये म्हणून काळजी घ्यायला हवी. बैठक संपली. आठ दिवसांनी मैत्रिणीने राजीनामा दिला आणि मी तो घेतला. "तू तरी काय करणार होतीस," असंही तिला म्हणाले. म्हणजे माफ करण्याचा मोठेपणाही मीच घेतला.

टीचर हळूहळू केंद्रात यायला लागल्या. मावशी हाताला धरून आणायच्या. केस वाढले, अंगावर थोडं मांस चढलं. एके दिवशी मावशींनी त्यांच्या हातात पेपर दिला. सगळे हातातलं काम थांबवून वाट बघत बसले. टीचरांनी पेपर मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी सारखा केला, मधोमध दुमडला, कडा बोटाने दाबल्या आणि त्याचं पाकीट करायला घेतलं. छान, सरळ पाकीट झालं ते. वाचलं मात्र त्यांनी पुन्हा कधीच नाही. डॉक्टर म्हणायचे, आजार परत उलटला की तो जाताना काहीतरी घेऊन जातो. त्यांनी ते मला उद्देशून म्हटलं नव्हतं.

कांदिवली बंद करायचं ठरलं. मावशी नाहीत तर तिथे माणसं येईनात, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आधी एक जागा नीट उभी राहू द्या, नाहीतर मी नाही. विश्वस्त नाराज झाले, पण ऐकलं. बंद करतो हे सांगायला मी आणि मावशी गेलो. मावशी होत्या तोवर तिथे अकरा माणसं नियमित यायला लागली होती. त्यांतल्या एका मुलाची आई, चारकोप गावातली मासे विकणारी बाई, टोपली खाली न ठेवताच माझं सगळं ऐकून घेत उभी राहिली. मग म्हणाली, "बंदच करायचं होतं तर उघडलंत कशाला? पोरगा सकाळी उठून स्वतः आंघोळ करायला लागला होता." मी तिला घाटकोपरचा पत्ता लिहून दिला. कांदिवलीहून तो मुलगा घाटकोपरला रोज येणं शक्य नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तिने कागद कमरेला खोचला आणि गेली.

परतीच्या बसमध्ये, आरेतल्या गोठ्यांपाशी, मी मावशींना सांगितलं. तो मंगळवार, भाऊ, गुरुवार, सगळं. एका दमात.

मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. एरवी त्या माझ्याशी बरंचसं आमच्यासारखं बोलायच्या आणि अहो-जाहो करायच्या. त्या दिवशी पुरती त्यांची घरची बोली आली. "माका ठावक होतां," त्या म्हणाल्या. "तिच्या भावान सांगल्यान माका, रविवारीच."

"मग बैठकीत का बोलला नाहीत?"

"तू सांगशीत म्हणान मी गप रवलंय."

त्यांनी माझा हात वगैरे धरला नाही, आणि मला तेच बरं वाटलं.

मी डॉक्टरांना सांगितलं. मग विश्वस्तांना. विश्वस्त म्हणाले, "झालं गेलं. आता ते कशाला उकरायचं?" डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "तिला सांगितलंस?"

तिला सांगायला मला आणखी दोन महिने लागले.

बोरिवलीला तिच्या घरी गेले तेव्हा दुपार होती. तिची जुनी नोकरी तिला परत मिळाली नव्हती, ती शिकवण्या घेत होती. तिच्या आईने मला ओळखून मायेने चहा आणि चकल्या आणून ठेवल्या. मी सांगत असताना मैत्रीण वह्या तपासत होती, लाल पेन हातात तसंच राहिलं. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "मी कितीदा ती हजेरीची वही डोळ्यांसमोर आणली असेल. वाटायचं, मला कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं आणि मी विसरले. मी आईला म्हटलं पण, माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय."

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. मग वही बंद करून, "सांगून तुला बरं वाटलं असेल. मला आता परत सांगायला येऊ नकोस."

चहा मी तसाच ठेवून उठले. तिची आई दारापर्यंत आली आणि परत ये हं, म्हणाली.

त्यानंतर आमच्याकडे एक पद्धत पडली. नवी जागा उघडायची तर आधी दोन माणसं, शक्यतो आजार घरात बघितलेली, मावशींबरोबर पुरतं वर्षभर टेकडी चढायची. ती तयार झाली की मगच. आणि मावशी आठवडाभर गावी गेल्या तरी जुन्या जागेत कुणाची हाक चुकत नाही, हे दोनदा बघून झाल्यावर. त्यामुळे मुलुंड उघडायला चार वर्षं लागली. टीचरांची वहिनी त्या पहिल्या दोघींपैकी एक होती. मी येऊ का, असं तिनेच मावशींना विचारलं होतं, मला नव्हे. कांदिवलीला आम्ही परत कधी गेलो नाही. मध्यंतरी एकदा मी चारकोपच्या बाजारात त्या बाईला शोधत हिंडले. दोन-तीन जणींना विचारलं, पण मुलाचा आजार सांगितल्याशिवाय ओळख पटेना आणि तो चारचौघींत सांगावासा वाटेना. तशीच परत आले.

आता संस्था मोठी आहे. नव्या संस्थांची हुशार मुलं-मुली मला बोलावतात, काम टिकेल असं वाढवायचं कसं, ते सांगा म्हणतात. मी ती पद्धत सांगते. ती मुलं लिहून घेतात. मागे एकीने हात वर करून विचारलं, "ही पद्धत तुम्हाला सुचली कशी?" मी म्हणाले, अनुभवातून. ती मान डोलावून लिहायला लागली. हॉलमध्ये पुढचा प्रश्न यायला थोडा वेळ होता, आणि मी समोरचा पेला उचलून पाणी प्यायले.